मध्यवस्तीतल्या जुन्या वास्तूचा आर्थिक आराखडा कसा मांडावा

शहराच्या मध्यवस्तीत वर्षानुवर्षं कुलूप लागलेलं नाट्यगृह असतं, नाहीतर बँकेची दगडी इमारत, जुनी टपाल कचेरी, बंद पडलेलं गोदाम. ती दुरुस्त करून तिथं नाटक, संगीत, प्रदर्शनं सुरू करावीत असं कुणीतरी मनावर घेतं आणि पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो, ‘परवडेल का?’ अशा वास्तूंचे आर्थिक आराखडे तयार करणं हे माझं काम. या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न असतात. वास्तूचा खर्च वास्तूच्या कमाईतून निघेल का, हा पहिला. शहराने त्यात पैसा घालावा का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नुसत्या तिकिटांवर नाही’ असं असतं. दुसऱ्याचं मात्र पुष्कळदा ‘हो, घालावा’ असं निघतं.

कारण अशा वास्तूचा बराचसा फायदा तिच्या भिंतींच्या बाहेर पडतो. समोरच्या खाणावळीला, कोपऱ्यावरच्या दुकानाला, शेजारच्या इमारतीच्या मालकाला आणि पालिकेच्या करवसुलीला तो मिळतो. दिव्याचं बिल मात्र वास्तूच्या नावावर येतं. म्हणून आराखड्यात दोन कामं नेटानं करायची असतात: बाहेर पडणारा हा फायदा फुगवून न सांगता मोजायचा आणि त्यातला काही वाटा परत आत येईल अशी व्यवस्था कागदावर आधीच करून ठेवायची. उद्घाटनानंतर असा वाटा कुणी देत नाही.

आधी रस्ता मोजा

वास्तुविशारदाला बोलावण्याच्याही आधी मी वही घेऊन त्या रस्त्यावर उभी राहते. एक जागा ठरवायची, जिथून वास्तूचं दार आणि दोन्ही बाजूंचे पदपथ दिसतात. सकाळी, दुपारी, संध्याकाळी सातला आणि रात्री साडेनऊला प्रत्येकी पंधरा मिनिटं जाणारी-येणारी माणसं मोजायची. एक कामाचा दिवस, एक सुट्टीचा दिवस, आणि जमलं तर वेगळ्या ऋतूत पुन्हा एकदा. तेवढ्याच वेळात आणखी काही टिपायचं: किती दुकानांची शटर्स कायमची खाली आहेत, कोणतं दुकान किती वाजता बंद होतं, वरच्या मजल्यांवर किती खिडक्यांत दिवे आहेत, शेवटची बस किती वाजता सुटते.

वरच्या मजल्यांकडे मुद्दाम बघा. मध्यवस्तीची अवस्था तळमजल्यावरून कळत नाही. तळमजला कसाबसा चालू असतो. वरचे दोन मजले धूळ खात पडलेले असतात, आणि अशा वास्तूत पुन्हा वर्दळ सुरू झाली की शेजारच्या मालकांना सगळ्यात आधी तेच भाड्याने देता येतात. हे मोजमाप काम सुरू होण्याआधी झालं नाही, तर नंतर कितीही गर्दी झाली तरी ती तुमच्यामुळे झाली हे दाखवता येत नाही. ज्यांच्याकडे निधी मागायचा त्यांना ‘आधी’चा आकडा लागतोच.

शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच मांडलं होतं की रस्ता जिवंत राहायला वेगवेगळ्या कारणांनी, वेगवेगळ्या वेळी येणारी माणसं लागतात. कचेऱ्यांचा भाग संध्याकाळी सहाला ओस पडतो. तिथं नाट्यगृह आलं की त्याच खाणावळीला, त्याच वाहनतळाला, त्याच बसला दिवसात दुसऱ्यांदा गिऱ्हाईक मिळतं, तेही नवी जागा न बांधता. मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. वहीतल्या साडेनऊच्या रकान्याकडे माझं म्हणूनच सतत लक्ष असतं.

वास्तूला काय झेपेल ते वास्तूलाच विचारा

आधी कार्यक्रम ठरवून मग वास्तू त्यात कोंबू नका. पॅरिसचं ओर्से स्थानक १९०० साली उघडलं. पुढे गाड्या लांब होत गेल्या, फलाट आखूड पडले आणि १९३९ नंतर तिथून लांब पल्ल्याच्या गाड्या सुटेनाशा झाल्या. रेल्वेला निरुपयोगी ठरलेलं तेच उंच, काचेच्या छताचं दालन शिल्पांना मात्र उत्तम होतं. १९८६ मध्ये तिथं संग्रहालय सुरू झालं. वास्तूची मोकळी जागा, उंची आणि उजेड कशाला साजेसा आहे हे ओळखलं की तोडफोड कमी होते आणि खर्चही.

आता एक गोष्ट जवळून दाखवते, कारण इथे भलेभले गाफील राहतात. सभागृहात किती माणसं बसवता येतील हे खुर्च्या ठरवत नाहीत, बाहेर पडायच्या वाटा ठरवतात. आग लागली तर किती माणसं किती वेळात सुरक्षित बाहेर पडतील, यावर अग्निशमन खातं प्रेक्षकसंख्या मंजूर करतं. जुन्या वास्तूत गॅलरीचा जिना अरुंद, वळणाचा आणि लाकडी असतो. समजा गॅलरीत दोनशे खुर्च्या मावतात, पण एकाच अरुंद जिन्यामुळे साठ जणांचीच परवानगी मिळाली. उरलेल्या एकशे चाळीस जागांचं उत्पन्न कागदावरून पुसलं गेलं. मागच्या बाजूला नवा जिना बांधायला खर्च येतो, पण तो खर्च त्या एकशे चाळीस खुर्च्यांच्या कायमच्या उत्पन्नासमोर ठेवून बघायचा. मी उत्पन्नाचा तक्ता अग्निशमन सल्लागाराचं म्हणणं हातात आल्याशिवाय सुरूच करत नाही.

तसंच मागच्या दाराचं. नेपथ्याचा ट्रक वास्तूच्या मागे लागतो का? दार इतकं उंच-रुंद आहे का की सामान सुटं न करता आत जाईल? हे जमलं नाही तर दौऱ्यावरची मंडळी एकदा येतील, पुन्हा येणार नाहीत. आणि बायकांची स्वच्छतागृहं. वीस मिनिटांचं मध्यंतर रांगेत गेलं तर उपाहारगृहाची विक्री तेवढ्यानं पडते. जुन्या नाट्यगृहांत ही सोय जवळपास नेहमीच अपुरी असते, तेव्हा तिच्यासाठी जागा पहिल्याच नकाशात अडवून ठेवा.

दुरुस्तीचा पैसा कुठे जातो

पहिला पैसा छपरावर. मग पन्हळी, पावसाळी नळ आणि भिंतीच्या पायथ्याचा निचरा. आतली नक्षी, सोनेरी वेलबुट्टी, पडदा हे सगळं थांबू शकतं, पाणी थांबत नाही. पूर्ण निधी जमेपर्यंत वाट बघत बसू नका. छप्पर आणि पाणी एवढंच काम पहिल्या टप्प्यात उरका आणि वास्तू हवेशीर पण बंदिस्त ठेवा. यामुळे पुढच्या प्रत्येक टप्प्याचा खर्च जागच्या जागी राहतो. गळती चालू असलेल्या वास्तूचं अंदाजपत्रक दरवर्षी वाढत जातं.

चुन्यात बांधलेल्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा देणारा ठेकेदार स्वस्त वाटतो. चुना श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडतं, मग दगड-विटा आतून भुसभुशीत होतात आणि काही वर्षांत तेच काम पुन्हा काढावं लागतं. निविदेतच चुन्याचं प्रमाण आणि काम करणाऱ्या गवंड्यांचा अनुभव लिहून घ्या.

इथं शहराच्या फायद्याचा एक मुद्दा आहे. नव्या बांधकामात ढोबळमानाने निम्मा खर्च मालाचा असतो. जुन्या वास्तूच्या जतनात मजुरीचा आणि कारागिरीचा वाटा मोठा, अनेकदा साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जातो, असं या क्षेत्रात धरलं जातं. सिमेंट-पोलाद-काच बाहेरून येते, तिचा पैसा बाहेर जातो. गवंडी, सुतार, लोहार, रंगारी यांची मजुरी ते राहतात तिथेच खर्च होते. पण हे कारागीर तुमच्याच भागातले असतील तरच. चुन्याचं काम जाणणारे दूरच्या शहरातून आणावे लागले तर हा मुद्दा आराखड्यात लिहू नका, किंवा त्यांच्या हाताखाली स्थानिक मुलांना शिकवण्याची अट करारात घाला आणि मग लिहा. ती मुलं पुढे आसपासच्या घरांची कामं घेतात. हा वास्तूचा टिकाऊ फायदा आहे.

अनपेक्षित खर्चासाठी अंदाजपत्रकाच्या वीस टक्क्यांखाली मी जात नाही. गिलावा काढल्यावर तुळईचं टोक कुजलेलं निघणार, हे धरूनच चालायचं.

प्रेक्षक बाहेर काय खर्च करतो

अमेरिकेतल्या अमेरिकन्स फॉर द आर्ट्स या संस्थेने २०२२ च्या पाहणीत प्रेक्षकांना तिकिटाव्यतिरिक्तचा खर्च विचारला. जेवण, वाहनतळ, मुलं सांभाळणारीचे पैसे, मुक्काम असं सगळं धरून सरासरी माणशी ३८.४६ डॉलर आली. कार्यक्रमासाठी बाहेरगावाहून आलेल्यांची सरासरी ६०.५७ डॉलर. हे आकडे तिथले आहेत, तुमच्या आराखड्यात ते जसेच्या तसे उचलू नका. त्यातला फरक मात्र लक्षात ठेवा, कारण सगळी मेख तिथेच आहे.

समजा तुमच्या सभागृहात ४०० जागा आहेत, वर्षाला १५० प्रयोग होतील आणि सरासरी साठ टक्के जागा भरतील. म्हणजे ३६,००० प्रेक्षक. उत्साही सल्लागार या सगळ्यांना सरासरी खर्चाने गुणतो आणि भलामोठा आकडा शहरापुढे ठेवतो. हे चूक आहे. त्याच शहरातला माणूस नाटकाच्या रात्री बाहेर जेवला, पण नाटक नसतं तरी तो त्या आठवड्यात दुसऱ्या भागात जेवलाच असता, तर शहराच्या तिजोरीत नवं काही पडलेलं नाही. पैसा एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेला. मध्यवस्तीसाठी ती चांगली बातमी असेल, पण ती ‘स्थलांतर’ या नावानेच लिहायची. ३६,००० पैकी तीस टक्के बाहेरगावचे असतील तर १०,८०० जणांचा खर्च खरा नवा. त्यातूनही जे इतर कामासाठी आले होते आणि जाता जाता प्रयोग पाहिला, त्यांना वजा करा.

हे कळण्यासाठी प्रेक्षकाला तीनच प्रश्न विचारा: कुठून आलात, हा कार्यक्रम नसता तर आज इथे आला असता का, आणि आत्तापर्यंत किती खर्च झाला. ‘किती खर्च कराल’ असं विचारू नका, माणसं मोठेपणानं जास्त सांगतात. प्रयोग सुटल्यावर दाराशी किंवा दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलेलं उत्तर खरं असतं.

नव्या पैशातून पुढे आणखी उलाढाल होते, हेही खरं. खाणावळ भाजीवाल्याला देते, वाढप्याचा पगार वाढतो, तो आपल्या वस्तीत खर्च करतो. पण या पुढच्या फेऱ्यांसाठी मोठा गुणक लावून मूळ आकडा दुप्पट-तिप्पट करण्याचा मोह टाळा. जितकं शहर लहान, तितका पैसा लवकर बाहेर झिरपतो आणि गुणक लहान होतो. निधी देणारा अनुभवी अधिकारी आराखडा उघडल्यावर आधी हाच आकडा बघतो. तो संयमी दिसला की बाकीच्या पानांवर त्याचा विश्वास बसतो.

मोठ्या नावांशी तुलना करू नका. लंडनचं बँकसाइड वीजकेंद्र १९८१ मध्ये बंद पडलं आणि मे २००० मध्ये तिथं टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय सुरू झालं. पहिल्याच वर्षी पन्नास लाखांहून जास्त लोक आले आणि नदीकाठचा तो भाग बदलला. पण त्याआधीच, १९९९ मध्ये, जवळच सदर्कचं भुयारी रेल्वे स्थानक उघडलं होतं, पुढे नदीवर पादचारी पूलही झाला आणि आत देशाचा आधुनिक कलेचा संग्रह होता. भाव वाढले त्याचं सगळं श्रेय एका वास्तूला देता येत नाही. तुमच्याही भागात त्याच वर्षी नवी बससेवा सुरू होत असेल तर तसं स्पष्ट लिहा.

तिकिटं का पुरत नाहीत आणि मग काय करायचं

विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं की चौघांनी वाजवायची रचना आजही चौघांनाच आणि तेवढाच वेळ वाजवावी लागते. कारखान्यात उत्पादकता वाढते तसे पगार वाढतात, कलेतले पगारही त्यांच्या मागे वाढवावे लागतात, पण रंगमंचावर उत्पादकता वाढत नाही. तूट ही व्यवस्थापनाच्या ढिसाळपणामुळेच येते असं समजणाऱ्या संस्थेच्या सदस्यांना मी हे शांतपणे समजावते. तूट येणारच. ती भरायचा दुसरा झरा आधी खोदून ठेवायचा.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराचा प्लेहाउस स्क्वेअर हा नाट्यगृहांचा परिसर यासाठी अभ्यासावा. तिथली पाच नाट्यगृहं १९२१-२२ मध्ये उघडली. १९६९ पर्यंत त्यातली चार बंद पडली होती आणि १९७२ मध्ये दोन पाडून वाहनतळ करायचं घाटत होतं. रे शेपर्डसन नावाच्या शालेय खात्यातल्या कर्मचाऱ्याने ती वाचवण्याचा ध्यास घेतला. सभागृह वापरण्याजोगं नव्हतं, म्हणून १९७३ मध्ये त्यांनी त्यातल्या स्टेट नाट्यगृहाच्या लांबलचक प्रवेश-दालनातच एक संगीत-कार्यक्रम लावला. काही आठवड्यांसाठी लावलेला तो कार्यक्रम दोन वर्षांहून जास्त चालला. लोक तिथं यायला तयार आहेत, हे कुठल्याही अहवालापेक्षा जास्त खणखणीतपणे सिद्ध झालं. त्यानंतर सरकारी आणि खासगी पैसा येऊ लागला. पुढे ही नाट्यगृहं चालवणाऱ्या ना-नफा संस्थेने आजूबाजूच्या इमारतीही हाताळायला घेतल्या. नाट्यगृहांमुळे परिसराला जी किंमत आली तिचं भाडं असं नाट्यगृहांच्याच संस्थेकडे येऊ लागलं.

यातून दोन कामं उचला. एक, सुरक्षित करता येईल असा वास्तूचा छोटा भाग लवकर उघडा, मग तो व्हरांडा असो वा अंगण, आणि तिथली तिकीटविक्री जपून नोंदवा. दोन, शेजारची एखादी रिकामी इमारत किंवा निदान वरचे मजले भाव चढायच्या आधी संस्थेच्या नावावर किंवा दीर्घ भाडेपट्ट्यावर घ्या. हे दुसरं काम मी नेहमी आग्रहाने सांगते आणि निधी अपुरा पडला की सदस्य पहिल्यांदा तेच कापतात. कापू नका. हवं तर रंगमंचावरची नवी दिवे-यंत्रणा दोन वर्षं भाड्याने आणा.

कायद्याने मिळणाऱ्या सवलती देशोदेशी वेगळ्या आहेत, त्या शोधा. अमेरिकेत उत्पन्न देणारी नोंदणीकृत ऐतिहासिक वास्तू ठरलेल्या निकषांनुसार दुरुस्त केली तर पात्र खर्चाच्या २० टक्के करसवलत मिळते. ना-नफा संस्थेला करच नसतो, त्यामुळे ती करदात्या भागीदाराबरोबर भाडेपट्ट्याची रचना करून हा लाभ घेते. न्यूयॉर्कमध्ये १९९८ पासून ब्रॉडवे या नाट्यविभागातल्या, यादीत नोंदलेल्या नाट्यगृहांना स्वतःच्या जागेवर आणखी बांधकाम करण्याचे न वापरलेले हक्क त्याच विभागातल्या इतर जागांना विकता येतात. बदल्यात वास्तू नाट्यगृह म्हणूनच ठेवण्याची हमी द्यावी लागते आणि विक्रीतून एका सामाईक निधीत भर पडते. मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी २००३ मध्ये महापालिका, वारसा-जतनाचं काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी त्रिपक्षीय करार केला: मालकी पालिकेची, जाणकारी एका संस्थेची, देणगीचं बळ दुसरीचं. २००८ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. मालक, जाणकार आणि पैसा देणारा वेगवेगळे असतील तर कुणी काय करायचं हे असं लेखी ठरलेलं असावं.

पालिका मालक असेल तर भाडेपट्टा निदान तीस वर्षांचा मागा. पाच-दहा वर्षांच्या पट्ट्यावर कुठलीही बँक किंवा देणगीदार मोठी रक्कम गुंतवत नाही.

भाडं वाढल्यावर काय होईल

वास्तू यशस्वी झाली की आजूबाजूचं भाडं चढतं. शहराच्या कागदावर तो फायदा असतो. पण मागच्या गल्लीतला चौकटी करणारा, तालमीसाठी पोटमाळा भाड्याने घेतलेली मंडळी, जुनी शिंपीण यांना तो बाहेर ढकलतो. आणि मग ज्या वातावरणासाठी लोक येऊ लागले तेच विरून जातं. हा निव्वळ भावनेचा मुद्दा नाही. रस्त्यावर सगळी दुकानं एकाच महागड्या प्रकारची झाली की येणाऱ्यांची कारणं आणि वेळाही एकसारख्या होतात. उपाय आधीच करावा लागतो. पालिकेने वाढीव मालमत्ता कराचा ठरावीक हिस्सा काही वर्षं याच भागासाठी राखून ठेवावा असा ठराव करून घ्या, त्यातून छोट्या भाडेकरूंचे दीर्घ पट्टे आणि तालमीच्या जागा सांभाळता येतात. संस्थेने घेतलेले वरचे मजले यासाठीही उपयोगी पडतात.

देखभालीचा पैसा वेगळा

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९० मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी शिफारस केली होती की इमारत आज नव्याने बांधायला जितका खर्च येईल त्याच्या २ ते ४ टक्के रक्कम दरवर्षी देखभाल-दुरुस्तीवर ठेवावी. जुन्या वास्तूसाठी मी वरची बाजू धरते. ही रक्कम कार्यक्रमांच्या खात्यात ठेवायची नाही, कारण कमी विक्रीच्या हंगामात ती तिथून उचलली जाते. वेगळं खातं, दोन सह्या, आणि त्यातली एक सही कार्यक्रम ठरवणाऱ्याची नसावी. वर्षातून दोनदा छपरावर कोण चढणार, पन्हळी कोण साफ करणार, तळघरातल्या ओलीची नोंद कुणाच्या वहीत राहणार, ही नावं उद्घाटनाच्या पत्रिकेआधी ठरवा आणि त्यांच्या मानधनाची पहिल्या तीन वर्षांची रक्कम त्या खात्यात आगाऊ भरा.